थंड प्रदेशात लहान मुलांना हिवाळ्यात रोज बाहेर न्यावे का?

आठ महिन्यांच्या आणि चार वर्षांच्या मुलांना घेऊन आपण नुकतेच थंड प्रदेशात राहायला आला आहात, आणि हिवाळ्यात त्यांना रोज बाहेर न्यावे का, किती कपडे घालावेत व उरलेला दिवस घरात कसा रमवावा, असे आपण विचारले आहे. माझे म्हणणे असे की रोज न्यावे, आणि आपल्याला वाटतात त्याहून कमी कपडे घालावेत. हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण आमच्या पहिल्या हिवाळ्यात या दोन्ही बाबतींत माझी चूक झाली होती आणि ती माझ्या मुलांना सोसावी लागली.

तेव्हा धाकटा चौदा महिन्यांचा होता आणि मुलीला पाचवे वर्ष लागले होते. बाहेर तापमान उणे 6 अंश होते. मी धाकट्याला सुती बनियन, त्यावर दोन स्वेटर, त्यावर जाड स्नोसूट, पायमोज्यांचे दोन जोड, घट्ट बसणारे बूट आणि कानटोपी असा सगळा जामानिमा घालून बाबागाडीत वरून ब्लँकेटही गुंडाळले होते. या तयारीलाच अर्धा तास गेला आणि दाराबाहेर पडण्याआधीच त्याची कानशिले घामाने ओली झाली. ते मला दिसत होते, तरी घाम आला म्हणजे लेकरू उबेत आहे, अशी माझी समजूत होती. बसमध्ये हिटर चालू होता. पाच-सात मिनिटे तो जोरात रडला आणि मग एकदम गप्प झाला, तेव्हा मला हायसे वाटले. समोर बसलेल्या एक वयस्कर बाई उठून आल्या. त्यांनी त्याची टोपी काढली, स्नोसूटची चेन पोटापर्यंत उघडली आणि माझा हात धरून त्याच्या मानेमागे नेऊन ठेवला. मान ओलीचिंब होती, गाल लालभडक झाले होते आणि तो डोळे अर्धवट मिटून मलूल पडला होता. मोकळी हवा लागल्यावर आणि पाणी पाजल्यावर त्याला तरतरी आली, पण बसमधून उतरल्यावर उलटेच झाले. आतले सुती कपडे घामाने भिजले होते, आणि पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे अंगावर एवढे थर असूनही घरी पोहोचेपर्यंत त्याला हुडहुडी भरली होती.

तीन दिवसांनी त्याला सर्दी-ताप आला. फोनवर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्या गारठ्यात तान्ह्या लेकराला बाहेर नेतेस, मग दुसरं काय होणार?" मी ते बोलणे मनाला लावून घेतले आणि पुढचे सहा आठवडे दोन्ही मुलांना जवळजवळ घरातच ठेवले. खिडक्या बंद, हिटर दिवसरात्र चालू. कोरड्या हवेने मुलीच्या नाकातून दोनदा रक्त आले, दिवसभर अंग न हलल्याने धाकटा रात्री अकरा-अकरापर्यंत जागा राहू लागला, आणि दोघांचे रडणे ऐकत मी त्या खोलीत फेऱ्या मारत असे. या सहा आठवड्यांत गार वारा अंगाला लागला नसतानाही दोन्ही मुलांना दोनदा सर्दी झाली. दोन्ही वेळा आधी ह्यांना शिंका सुरू झाल्या होत्या. सर्दी घडवणारे विषाणू 200 हून अधिक आहेत, ते माणसाकडून माणसाकडे जातात, आणि लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणे ही सामान्य बाब आहे. हे मी जाऊबाईंना समजावून सांगितले, पण घरात कोणी शिंकले की त्या अजूनही त्या बसच्या दिवसाची आठवण काढतात.

त्यानंतर मी पद्धत बदलली. अंगाला लागून पातळ लोकरीचा थर घालते, कारण लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते. मध्ये एक उबदार थर आणि वर वारा व पाणी अडवणारा. धावणाऱ्या मुलाला एवढे पुरते; बाबागाडीत स्वस्थ बसलेल्या बाळाला मात्र आपल्यापेक्षा एक थर जास्त लागतो. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नये, बोटे मानेमागे घालून पाहावीत: मान उबदार आणि कोरडी असली की कपडे बरोबर आहेत. बुटात पायमोज्यांचा एकच जोड असावा आणि बोटे हलवायला जागा राहावी. घट्ट बुटात ऊब धरणारी हवाच उरत नाही आणि पाय अधिक गारठतात. बसमध्ये किंवा दुकानात शिरताच टोपी काढून चेन उघडावी, मूल झोपले असले तरी उघडावी. मोटारीत मुलांच्या आसनाचे पट्टे फुगीर कोटावरून कधीही बांधू नयेत, कारण धक्का बसला की कोट दबतो आणि पट्टे सैल पडतात. पट्टे पातळ कपड्यांवर आवळून वरून ब्लँकेट घालावे.

घरात कसे रमवावे, यावर माझ्याजवळ विशेष सांगण्यासारखे नाही. रोज तासभर बाहेर खेळून आलेली मुले घरात आपली आपण रमतात, एवढाच माझा अनुभव आहे. बाळाला मात्र सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटेच न्यावे.

काही अपवाद मला आधीच लिहायला हवे होते. वाऱ्यासह जाणवणारे तापमान उणे 28 अंशांच्या खाली गेले की उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. अशा दिवशी मुलांना घरीच ठेवावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा मुलाला दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. बाहेर नेले म्हणजे ड जीवनसत्त्व मिळेल, असेही धरून चालू नये: हिवाळ्यातले ऊन तिरपे असते, अंग झाकलेले असते आणि सावळ्या त्वचेत ते जीवनसत्त्व आणखी सावकाश तयार होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था 2008 पासून तान्ह्या बाळांसाठी रोज 400 एककांची शिफारस करते. आपल्या डॉक्टरांकडून थेंबांचे प्रमाण ठरवून घ्यावे.

जाऊबाईंच्या बाजूने एक गोष्ट मी मान्य करते. गार हवेने नाक थंड पडते, आणि सर्दीचे काही विषाणू शरीराच्या 37 अंशांपेक्षा 33 अंशांच्या आसपास अधिक जोमाने वाढतात. पण विषाणू आधी नाकात शिरावा लागतो, आणि त्या सहा आठवड्यांत तो दोन्ही वेळा मुलांपर्यंत पोहोचला तो खिडक्या बंद केलेल्या आमच्या घरातच.