ब्रायन ॲडम्सचं गाणं कॅनडातच ‘कॅनेडियन नाही’ ठरलं होतं का?

प्रश्न असा आहे: ब्रायन ॲडम्सची गाणी त्याच्याच देशात परदेशी ठरली होती म्हणे, हे खरं का? आणि कॅनेडियन रॉक-पॉपचे चाहते बोलताना कॅनकॉन, मेपल, मच, हिप असले शब्द सारखे वापरतात, ते काय प्रकरण आहे?

खरं आहे. फक्त एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवू. परदेशी ठरली ती गाणी, माणूस नव्हे. ॲडम्स ऑन्टॅरिओतल्या किंग्स्टनचा जन्माचा आणि पक्का कॅनेडियन. पण तिथला रेडिओचा नियम गायकाचा पासपोर्ट बघत नाही, गाण्याची कुंडली बघतो.

कॅनकॉन म्हणजे कॅनेडियन कंटेंट. सीआरटीसी हा तिथला प्रसारण आयोग. त्याने जानेवारी 1971 पासून पॉप-रॉक वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांना 30 टक्के गाणी कॅनेडियन असलीच पाहिजेत असं बंधन घातलं. 1999 मध्ये ते 35 टक्के झालं. कारण साधं होतं. देशातली बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेला चिकटून आहे, अमेरिकन केंद्रं घरबसल्या ऐकू यायची, आणि स्थानिक केंद्रंही अमेरिकन याद्या बघूनच गाणी लावायची. नील यंग आणि जोनी मिचेल हे कॅनेडियन गायक कॅलिफोर्नियाला गेले ते काही हवा छान म्हणून नव्हे.

आपल्याकडे 1950 च्या दशकात माहिती व प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळपास हद्दपार केलं आणि श्रोते रेडिओ सिलोनला जाऊन मिळाले, ते आठवून बघा. कॅनडाने परक्या गाण्यांवर बंदी घातली नाही, घरच्यांसाठी जागा राखून ठेवली. माझ्या मते हा फरक निर्णायक आहे, कारण श्रोत्याला केंद्र सोडून जायचं कारणच उरलं नाही.

आता मेपल. एम, ए, पी, एल ही चार अक्षरं. एम म्हणजे संगीतरचना, ए म्हणजे मुख्य गायक किंवा वादक, पी म्हणजे ध्वनिमुद्रण कुठे झालं, एल म्हणजे शब्द. चारांपैकी दोन कॅनेडियन असले की गाणं कॅनेडियन. ही पद्धत स्टॅन क्लीसने ‘आरपीएम’ या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकासाठी आखली. वॉल्ट ग्रीलिसच्या याच साप्ताहिकाच्या पुरस्कारांतून पुढे जूनो पुरस्कार निघाले आणि त्यांना नाव मिळालं ते आयोगाचे पहिले अध्यक्ष पिएर जुनो यांच्यावरून. जुन्या कॅनेडियन रेकॉर्डवर किंवा सीडीच्या मागे चार फाकांचं एक छोटं वर्तुळ दिसतं. जी फाक काळी, ती अट पूर्ण. दोन काळ्या दिसल्या की काम झालं.

हिशोब करून बघू. ‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’ ॲडम्स आणि जिम व्हॅलन्स यांनी मिळून लिहिलं. दोघेही कॅनेडियन, गायकही कॅनेडियन, म्हणजे तीन गुण तर इथेच झाले. 1991 च्या ‘वेकिंग अप द नेबर्स’ अल्बमची गोष्ट वेगळी. त्यातली गाणी त्याने मट लँग या निर्मात्याबरोबर लिहिली, आणि लँग कॅनेडियन नाही. त्या काळी एम आणि एलसाठी रचना व शब्द ‘संपूर्णपणे’ कॅनेडियन लागायचे, म्हणजे निम्मं लिहूनही शून्य. मुद्रण पूर्णपणे कॅनडात झालं नव्हतं, म्हणजे पी गेला. उरला एकटा ए. याच अल्बममधलं रॉबिन हूडच्या चित्रपटासाठीचं प्रेमगीत ब्रिटनमध्ये सलग 16 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ॲडम्स जाहीरपणे चिडला, भरपूर गदारोळ झाला आणि 1993 मध्ये नियमात दुरुस्ती झाली. 1 सप्टेंबर 1991 नंतर मुद्रित झालेल्या गाण्यात रचना आणि शब्द या दोन्हींच्या श्रेयात कॅनेडियन माणसाचा किमान निम्मा वाटा असेल आणि ए किंवा पी यांपैकी एक अट पूर्ण असेल, तर ते गाणं चालतं.

लोक चुकतात ते इथेच. ‘गायक कॅनेडियन, म्हणजे गाणं कॅनेडियन’ हे समीकरण दोन्ही बाजूंनी फसतं. जस्टिन बीबरच्या ‘बेबी’वर पाच जणांची नावं आहेत आणि त्यात कॅनेडियन तो एकटाच, तेव्हा निम्म्या वाट्यापर्यंत पोचणं कठीण. उलट जेफ बकली हा अस्सल अमेरिकन गायक, पण त्याने गायलेलं ‘हॅलेलुया’ माँट्रियलच्या लिओनार्ड कोहेनचं, म्हणून एम आणि एल मिळून दोन गुण. आणखी एक गमतीची पळवाट आहे. 1972 च्या आधी मुद्रित झालेल्या गाण्याला एकच अट पुरते. जॉन लेननचं ‘गिव्ह पीस अ चान्स’ 1969 मध्ये माँट्रियलच्या हॉटेलातल्या खोलीत मुद्रित झालं. म्हणजे पी मिळाला, आणि या हिशोबाने लेनन कॅनकॉनमध्ये बसतो! शब्द नसलेल्या वाद्यसंगीताला तर रचनाकार कॅनेडियन असला की पुरे.

‘कॅनेडियन’ कोण याची व्याख्याही सैल आहे. नागरिक, कायम रहिवासी, किंवा त्या कामाच्या आधीचे सहा महिने कॅनडात राहिलेला माणूस, सगळे चालतात. भाषेची अट यात कुठेच नाही. म्हणजे ब्रॅम्प्टनमध्ये कायम रहिवासी असलेल्या एखाद्या मराठी गायिकेने जुनं भावगीत मिसिसॉगाच्या स्टुडिओत मुद्रित केलं तर ए आणि पी मिळून ते कॅनेडियन गाणं. तेच भावगीत तिने सुट्टीत पुण्याला येऊन मुद्रित केलं तर नुसता ए, आणि गाणं बाद. स्वतःची चाल आणि शब्द असतील तर कुठेही मुद्रित करा, फरक पडत नाही. हा सगळा मूळ चार अक्षरांचा हिशोब झाला. 2023 मध्ये ऑनलाइन प्रसारणाचा नवा कायदा आल्यापासून आयोगाने या व्याख्यांची फेरआखणी हाती घेतली आहे. पण चाहते भांडतात ते अजून याच चार अक्षरांवरून.

केंद्रांनी सुरुवातीला काय केलं, तर सगळी कॅनेडियन गाणी रात्री उशिरा किंवा पहाटे, कुत्रंही ऐकत नसेल अशा वेळी एकगठ्ठा लावून टाकली. त्या तासांना थट्टेने ‘बीव्हर अवर’ म्हणत (बीव्हर हा तिथला राष्ट्रीय प्राणी). म्हणून मग सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 ते संध्याकाळी 6 या वेळेतही 35 टक्के भरलेच पाहिजेत अशी अट आली. दुसरा दोष मात्र अजून गेलेला नाही. हमखास चालणारी तीच ती गाणी घासली जातात आणि नवीन बँड बाहेरच राहतो. कुणी एखाद्या गाण्याला नाक मुरडून ‘कॅनकॉन’ म्हणालं तर त्याचा रोख इकडे असतो: टक्का भरायला लावलेलं गाणं.

नियमाचा सगळ्यात मोठा फटका बसला तो विंडसरच्या सीकेएलडब्ल्यू या रेडिओ केंद्राला. केंद्र कॅनडात, पण नदीपलीकडे डेट्रॉइट, आणि 50,000 वॅटच्या जोरावर खरा श्रोता अमेरिकन. तिथे कुठलं गाणं लागणार हे रोझली ट्रॉम्ब्ली ठरवायची. ती निवेदिका नव्हे, संगीत विभागाची प्रमुख, पण तिच्या कानाची कीर्ती अशी की अमेरिकन रॉक गायक बॉब सीगरने तिच्यावर गाणंच लिहिलं. अमेरिकन श्रोत्यापुढे 30 टक्के कॅनेडियन गाणी वाजवून स्पर्धेत टिकायचं, ही कसरत तिच्या वाट्याला आली.

मच म्हणजे मचम्युझिक. 31 ऑगस्ट 1984 ला टोरांटोत सुरू झालेली संगीतवाहिनी, मोझेस झ्नायमर आणि जॉन मार्टिन यांची. पुढे तिचा मुक्काम 299, क्वीन स्ट्रीट वेस्टवर होता. चाहते हा पत्ता आपण ‘दलाल स्ट्रीट’ म्हणावं तसा नुसता घेतात, समोरच्याला कळलं असं गृहीत धरून. तिथे बंद स्टुडिओ नव्हता. व्हीजे (म्हणजे व्हिडिओ लावणारे निवेदक) टेबलं, वायरी आणि कॅमेऱ्यांच्या गर्दीतच उभे राहून बोलायचे, आणि रस्त्याकडेच्या खिडक्यांबाहेर पोरांची झुंबड असायची. पहिल्या फळीतल्या क्रिस्टोफर वॉर्डने डेव्हिड टायसनबरोबर लिहिलेलं ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’ ॲलाना माइल्सने गायलं आणि 1990 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच फळीतला जे. डी. रॉबर्ट्स पुढे जॉन रॉबर्ट्स या नावाने अमेरिकेत बातम्या देऊ लागला. एरिका एम, सूक-यिन ली, मास्टर टी, पंजाबी वंशाची मोनिका देओल, जॉर्ज स्ट्रोम्बोलोपोलोस ही आणखी काही नावं. तुमचा आवडता व्हीजे कोण, यावरून तुमचं वय ओळखलं जातं.

आजही कामाचे असे दोघे सांगतो. ॲलन क्रॉसचा ‘द ऑनगोइंग हिस्टरी ऑफ न्यू म्युझिक’ हा माहितीपर रेडिओ कार्यक्रम 1993 मध्ये सुरू झाला आणि पॉडकास्ट म्हणूनही मिळतो. दुसरा व्हँकुव्हरचा मुलाखतकार नार्डवार. डोक्यावर चौकड्यांची टोपी, आवाज कर्कश, आणि पाहुण्याला तो अशी एखादी रेकॉर्ड भेट देतो की त्या कलाकाराच्या बालपणीचा शेजारीच येऊन बसलाय असं वाटावं. त्याच्या मुलाखती वरवर विदूषकी वाटतात, पण तयारी पीएचडीची असते. 1997 मध्ये आशिया-पॅसिफिक शिखर परिषदेच्या वेळी निदर्शकांवर मिरचीच्या फवाऱ्याचा मारा झाला. त्यावर पंतप्रधान जाँ क्रेतिएंना प्रश्न विचारणारा हाच. क्रेतिएं म्हणाले की मिरपूड मी तर माझ्या ताटात घालतो, आणि ते उत्तर त्यांना बरंच महाग पडलं.

हिप म्हणजे द ट्रॅजिकली हिप. हाही बँड किंग्स्टनचाच. कॅनडात देव्हाऱ्यात आणि सीमेपलीकडे जवळपास अनोळखी. 1995 मध्ये कॅनेडियन विनोदी अभिनेता डॅन ॲक्रॉइडच्या आग्रहाने ते ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात वाजवून आले, तरी अमेरिकेत फार फरक पडला नाही. कारण आवाजात नाही, शब्दांत आहे, असं मला वाटतं. ‘फिफ्टी मिशन कॅप’ हे बिल बरील्को या आइस हॉकीपटूबद्दल आहे. 1951 मध्ये त्याने टोरांटोला निर्णायक गोल करून स्टॅन्ली कप मिळवून दिला, त्याच उन्हाळ्यात तो विमानासकट बेपत्ता झाला, आणि 1962 मध्ये, टोरांटोने पुन्हा कप जिंकला त्याच वर्षी, विमानाचे अवशेष सापडले. ‘व्हीट किंग्ज’ हे 23 वर्षं निरपराध तुरुंगात राहिलेल्या डेव्हिड मिलगार्डबद्दल. हे संदर्भ तिथल्या माणसाला पाठ असतात. बाहेरच्याला नुसतं गिटार ऐकू येतं. पु. लं.च्या ‘अंतू बर्वा’चं इंग्रजी केल्यावर जे हातातून निसटेल, तसंच काहीसं.

त्यामुळे हिप ऐकायला संकलित हिट गाण्यांपासून सुरुवात करू नका, तो हमखास फसणारा रस्ता आहे. 1992 चा ‘फुली कम्प्लीटली’ घ्या, शब्द समोर ठेवून. मग 1994 चा ‘डे फॉर नाइट’, हा जास्त काळोखा आणि माझ्या मते जास्त चांगला. त्यानंतर 1997 चा ‘लाइव्ह बिट्वीन अस’. बँडचा गायक गॉर्ड डाउनी मंचावर गाणं अर्ध्यात सोडून भलतीच गोष्ट रचत सुटायचा, ते स्टुडिओच्या रेकॉर्डमध्ये सापडत नाही. ‘न्यू ऑर्लिन्स इज सिंकिंग’च्या मधोमध तो किलर व्हेलच्या टाकीची गोष्ट सांगतो, ते 1991 चं लॉस एंजेलिसमधलं मुद्रण शोधून ऐकाच. डाउनीला मेंदूचा कर्करोग झाल्याचं जाहीर झाल्यावर बँडने शेवटचा दौरा केला. 20 ऑगस्ट 2016 चा किंग्स्टनचा शेवटचा कार्यक्रम सीबीसी या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने जाहिरातींशिवाय दाखवला आणि तो 1 कोटी 17 लाख लोकांनी पाहिला, म्हणजे देशातल्या साधारण दर तिसऱ्या माणसाने. डाउनी 17 ऑक्टोबर 2017 ला गेला.

रश या टोरांटोच्या रॉक बँडबद्दल इथे फार लिहीत नाही, तो स्वतंत्र उत्तराचा विषय आहे. सुरुवात 1981 च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’पासून करा. लेननचं ते हॉटेलमधलं गाणं मुद्रित करणाऱ्या आंद्रे पेरीने पुढे क्वेबेकमध्ये ‘ल स्टुडिओ’ उभारला आणि हा अल्बम तिथेच झाला. त्यातलं ‘वायवायझेड’ हे नाव टोरांटो विमानतळाच्या तीन अक्षरी संकेतावरून आलं आहे, आणि सुरुवातीचा ठेका म्हणजे तीच अक्षरं मोर्स संकेतात वाजवलेली. वाय म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब, हे दोनदा, मग झेड, लांब-लांब-आखूड-आखूड. टेबलावर बोटांनी वाजवून बघा, लगेच बसतो. आणि बोलताना ‘झी’ म्हणू नका. कॅनडातही आपल्यासारखं ‘झेड’च म्हणतात.