परदेशातल्या बोटॅनिक गार्डनमध्ये इंटर्नशिप: वाळपईच्या एका मुलीला उत्तर

तू लिहिलंस, ‘ताई, बॉटनीत बीएस्सीचं शेवटचं वर्ष आहे. परदेशातल्या एखाद्या बोटॅनिक गार्डनमध्ये हॉर्टिकल्चर आणि वनस्पती-संवर्धनाची इंटर्नशिप करायची आहे. लॅबचा अनुभव नाही, आणि घरचे म्हणतात, शिकूनसवरून माळीकाम करायला एवढ्या लांब कशाला?’ मी सावईवेऱ्याची, आता स्कॉटलंडमध्ये एका बागेच्या रोपवाटिकेत काम करते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

लॅबची काळजी सोड. बागेला इंटर्न हवा असतो तो मातीत हात घालणारा आणि नोंदी ठेवणारा. पहिली गोष्ट तुझ्याकडे आहे. तुमचं कुळागर आहे, पोफळीच्या सावलीत मिरी, जायफळ, केळी कशा बसवतात ते तू लहानपणापासून बघतेस. चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी रानातलं कुठलं फळ कुठे मिळतं हे तुला ठाऊक आहे. हे अर्जात लिही. ‘मला निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य मात्र नको, ते प्रत्येक अर्जात असतं. त्याऐवजी जायफळाच्या किती बिया लावल्या, किती रुजल्या, उरलेल्या कशाने कुजल्या, ते लिही. असा एक परिच्छेद वाचला की निवड करणारा माणूस थांबतो.

नोंदींचं एवढं काय, ते सांगते. इथे झाड बागेत आलं की त्याला नंबर मिळतो, त्यात बहुधा ते आलं ते वर्ष असतं. नोंदीत ते मुळात कुठून आलं हे सांगणारं एक अक्षर असतं: थेट रानातून आणलेलं असेल तर डब्ल्यू, रानातल्या झाडापासून बागेत वाढवलेलं असेल तर झेड, बागेतल्याच झाडापासूनचं असेल तर जी, काहीच माहीत नसेल तर यू. संवर्धनात खरी किंमत डब्ल्यू आणि झेडची. कुठल्या डोंगरावरून, किती उंचीवरून, किती झाडांवरून बी घेतलं हे लिहिलेलं नसेल, तर झाड कितीही सुंदर असो, पुन्हा रानात लावायच्या कामी ते जवळजवळ येत नाही. म्हणून आजच एक वही कर. घराभोवतीची वीस झाडं निवड. गावातलं नाव, शास्त्रीय नाव, कूळ, फूल कधी आलं, फळ कधी पिकलं, बी कधी पेरलं, कधी उगवलं. फोटो काढताना बाजूला पट्टी ठेव.

शास्त्रीय नावं हाताने लिहून पाठ कर. इथे ‘आयडेंट’ नावाची चाचणी असते. टेबलावर फांद्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीचं कूळ, प्रजाती आणि जाती स्पेलिंगसकट लिहायची. स्पेलिंग चुकलं की गुण जातो.

आता एक विषय, ज्यात तू इथल्या बऱ्याच मुलांच्या पुढे असशील. इंग्लंडमध्ये ससेक्सला वेकहर्स्ट इथे लंडनच्या क्यू बोटॅनिक गार्डनची मिलेनियम सीड बँक, म्हणजे बी-बँक, आहे, २००० साली उघडलेली. तिथे बी साधारण १५ अंश सेल्सिअस आणि १५ टक्के आर्द्रतेत सुकवतात आणि मग उणे २० अंशांत ठेवतात. असं बी कित्येक दशकं जिवंत राहू शकतं. पण फणस, आंबा, जायफळ यांचं बी सुकलं की मेलं. आठळी उन्हात विसरली तर रुजत नाही, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. ओल्या जंगलातल्या कितीतरी झाडांचं हेच आहे. त्यांच्यासाठी उरतात ते मार्ग म्हणजे बागांत जिवंत झाडं राखणं, ऊतीसंवर्धन (टिश्यू कल्चर), नाहीतर बियातला गर्भ काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवणं. आणि अर्थात ते रानच राखणं. तुमच्या सत्तरीत बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई आहे, रानजायफळांची दलदल. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली ती मुळं तू पाहिली नसशील तर या पावसाळ्यात गावातल्या माणसांना विचारून, पायताण काढून जा. बी-बँकेच्या फ्रीझरमध्ये जे मावत नाही ते देवाच्या नावावर गावाने राखलंय. मुलाखतीत यावर बोललीस तर तुला पाठ केलेली उत्तरं लागणार नाहीत.

व्हिसाचं आता. जाहिरात उघडलीस की आधी ‘या देशात काम करण्याचा हक्क असलेल्यांनीच अर्ज करावा’ ही ओळ शोध. पुष्कळ ठिकाणी ती असते, आणि ती न बघता मुलं अर्जावर आठवडे घालवतात. अमेरिकेसाठी जे-१ व्हिसा. त्यातल्या इंटर्न प्रकारात शिकत असलेली किंवा पदवी मिळून १२ महिने न झालेली मुलं बसतात, आणि मुदत जास्तीत जास्त १२ महिने. म्हणजे पदवीनंतर दोन वर्षं काढून मग बघू, हे चालत नाही. बागेने होकार दिला तरी मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था लागते. तिच्याकडून डीएस-२०१९ फॉर्म, सोबत प्रशिक्षणाचा आराखडा असलेला डीएस-७००२, आणि मग मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. उन्हाळ्याच्या बऱ्याच जागांचे अर्ज डिसेंबर ते फेब्रुवारीत बंद होतात. चतुर्थी झाली की तयारीला लाग.

ब्रिटनसाठी तुझ्यासारखीला मी ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम’ सुचवीन. वय १८ ते ३०, हातात पदवी, खात्यात २,५३० पौंड, आणि बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव निघायला हवं. बॅलटला पैसे पडत नाहीत. नाव निघालं तर व्हिसाची फी आणि वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, पण २ वर्षं राहून बहुतेक कुठलीही नोकरी करता येते. अर्ज करताना ब्रिटिश सरकारच्या साइटवर ताजे आकडे बघ. व्हिजिटर व्हिसावर येऊन इंटर्नशिप करता येत नाही, बिनपगारी असली तरी. कोणी एजंट ‘होतं सगळं’ म्हणाला तर तिथून उठ.

पोर्तुगीज पासपोर्टचं कोणीतरी सुचवेलच. आजी-आजोबा १९६१ च्या डिसेंबरआधी गोव्यात जन्मलेले असतील तर तो मार्ग असू शकतो, आणि त्यावर युरोपीय संघातल्या बागांची दारं उघडतात. पण ब्रेक्झिटनंतर नव्याने येणाऱ्याला ब्रिटनमध्ये त्याचा उपयोग नाही, आणि तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. एका इंटर्नशिपसाठी हे करू नकोस.

इथे कायमचं राहायचा बेत असेल तर तेही स्पष्ट सांगते. जुलै २०२५ पासून ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला पदवीच्या पातळीचं पद आणि सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो. बागेतल्या सुरुवातीच्या जागा त्यात बसत नाहीत. शिकून परत जायचं, हे धरूनच ये.

आणि परदेशाआधी एक पावसाळा आपल्याकडच्या बागेत काढ. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या लीड बोटॅनिकल गार्डनमध्ये कंदीलपुष्पांचं, म्हणजे सेरोपेजियांचं, मोठं काम झालंय. तिरुवनंतपुरमजवळ पालोडला जवाहरलाल नेहरू ट्रॉपिकल बोटॅनिक गार्डन आहे. वायनाडमध्ये पेरियाला गुरुकुल बोटॅनिकल सँक्चुअरी आहे, पश्चिम घाटातले नेचे (फर्न) आणि ऑर्किड वाढवणारी. पत्र लिही, उत्तर आलं नाही तर पुन्हा लिही.

येताना बॅगेत एकही बी आणू नकोस. ‘दोन बिया घेऊन ये’ असं कोणी प्रेमानेही सांगेल. परदेशी संस्थेला आपल्याकडचं जैविक साहित्य संशोधनासाठी द्यायचं तर जैवविविधता कायदा, २००२ खाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. वर रोगमुक्ततेचा दाखला, ऑर्किड असेल तर साइटिसचे, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कागद. यात सापडलीस तर हे क्षेत्रच बंद होईल.

घरच्यांना सांग, इथे हॉर्टिकल्चर हा शिकून करायचा पेशा आहे, त्याला पदविका आहेत, परीक्षा आहेत. पण पगार कमी आहे, हेही लपवू नकोस. डिसेंबरात इथे उजेड जेमतेम सात तास असतो, आणि त्यात उघड्यावर पानं गोळा करायची, खत उलटायचं. पहिल्या हिवाळ्यात मला फार जड गेलं. ज्या दिवशी तू पेरलेल्या ट्रेमध्ये दुर्मीळ झाडाचं पहिलं रोप वर येतं, त्या दिवशी त्याचं काही वाटत नाही.

शिफारसपत्रासाठी तुमच्या मॅडमना आत्ताच सांगून ठेव, परीक्षा जवळ आल्या की त्यांना वेळ नसतो. वहीची पहिली चार पानं झाली की फोटो पाठव. अर्जाचा मसुदा मी वाचून देईन.