गवे घटले की कमी दिसले?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे. या अंकाचा विषय: वन्यप्राण्यांची मोजणी

प्रश्न: बुद्धपौर्णिमेला दाजीपूरच्या मचाणावर बसून आम्ही गवे मोजतो. एखाद्या वर्षी आकडा निम्म्यावर येतो आणि लगेच ‘गवे घटले’ अशी चर्चा सुरू होते. हा आकडा किती खरा धरायचा?
— एक वाचक, राधानगरी

मचाणावरचा आकडा त्या रात्री त्या पाणवठ्यावर किती गवे आले एवढेच सांगतो. जंगलात एकूण किती आहेत, हे त्यातून निघत नाही. पौर्णिमा निवडतात ती उजेडासाठी, आणि वैशाख निवडतात तो ओढे आटलेले असतात म्हणून. जनावरांना ठरावीक पाण्यावर यावेच लागते. कोरड्या जंगलात हे गणित बरे बसते. घाटमाथ्यावर दरीतल्या झऱ्यांना उन्हाळ्यातही पाणी असते, आणि आदल्या आठवड्यात वळीव बरसला की जागोजाग डबकी भरतात. मग गवा तुमच्या मचाणापाशी येईलच कशाला? आकडा निम्मा झाला तर आधी पावसाची नोंद पाहा, गव्यांची काळजी नंतर.

गफलत उलट दिशेनेही होते. एकच कळप संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर आला की दोनदा मोजला जातो. म्हणून नुसते ‘१४ गवे’ लिहून थांबू नका. वेळ, कुठून आले, कुठे गेले, आणि कळपाची फोड लिहा: काळेभोर पूर्ण वाढलेले नर किती, तपकिरी माद्या व तरुण जनावरे किती, वासरे किती. शेजारच्या मचाणांचे तक्ते सकाळी एकत्र ठेवले की दुबार नोंदी पटकन सापडतात. मचाणांची संख्या दर वर्षी बदलत असेल तर एकूण बेरीज जाहीरच करू नये. दोन्ही वर्षी बसलेल्या त्याच पाणवठ्यांची तुलना करावी.

खरी घनता काढायची तर लाइन ट्रान्सेक्ट हवा. नकाशावर आधीच आखलेली, साधारण २ किलोमीटरची सरळ रेषा पहाटे हळूहळू चालायची. गवा दिसला की तीन गोष्टी टिपायच्या: कळपातली संख्या, कळपाच्या मध्यापर्यंतचे अंतर (रेंजफाइंडरने) आणि रेषेशी होणारा कोन (होकायंत्राने). अंतर ६० मीटर आणि कोन ३० अंश असेल तर रेषेपासूनचे लंब अंतर ३० मीटर. अशी लंब अंतरे जमली की रेषेपासून दूर जाताना जनावर नजरेतून सुटण्याचे प्रमाण कसे वाढते ते कळते आणि न दिसलेल्यांचाही हिशेब लागतो. समजा सगळ्या फेऱ्या मिळून १०० किलोमीटर चाललात आणि त्या हिशेबातून दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४० मीटरचा परिणामकारक (म्हणजे सगळी जनावरे दिसल्यासारखा धरता येईल असा) पट्टा निघाला, तर तुम्ही ८ चौरस किलोमीटर पाहिलेत. त्यात २४ गवे म्हणजे चौरस किलोमीटरला ३. हिशेब भरवशाचा व्हायला कळप ६० ते ८० वेळा तरी दिसावे लागतात. म्हणून त्याच रेषांवर पुन्हा पुन्हा चालावे लागते.

बिघडते कुठे? एक, रेषेऐवजी जीपरस्त्याने चालणे. रस्त्याकडेच्या गवताला गवे येतात किंवा वर्दळीने टाळतात. दोन्हीकडून आकडा खोटा होतो. दोन, गवा बुजून पळाल्यावर अंतर मोजणे. पहिल्यांदा दिसला ती जागाच धरायची. तीन, अंतर अंदाजाने लिहिणे. मग वहीत ५०, १००, ५०, १०० असे गोल आकडे येतात आणि सगळी मेहनत वाया जाते. हे काम अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीने आणि वनरक्षकासोबतच करायचे, हे सांगायला नकोच.

वाघाचे तंत्र वेगळे, कारण प्रत्येकाचे पट्टे निराळे आणि कॅमेऱ्यातल्या फोटोवरून एकेक वाघ ओळखता येतो. तिथेही हाती येतो तो अंदाजच: २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघ, पण मर्यादा ३,१६७ ते ३,९२५. छापताना या मर्यादाच नेमक्या गळतात.

प्रश्न: ‘५० वर्षांत जगातले ७३ टक्के वन्यप्राणी नष्ट’ असे वाचले. म्हणजे शंभरातले २७च उरले का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, इचलकरंजी

नाही. हा आकडा डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंस्थेच्या २०२४ च्या लिव्हिंग प्लॅनेट अहवालातला आहे. १९७० ते २०२० या काळात, नजर ठेवलेल्या ५,४९५ पृष्ठवंशी प्रजातींच्या ३४,८३६ समूहांमध्ये (समूह म्हणजे एका ठिकाणची एका प्रजातीची जनावरे) सरासरी घट ७३ टक्के, असे तो म्हणतो. सरासरी समूहांच्या बदलाची आहे, डोक्यांची नाही. वहीवर करून पाहा: एका डबक्यातले बेडूक २०० वरून २० झाले आणि एका पक्ष्याचा ५०,००० चा थवा तेवढाच राहिला. एकूण जनावरे अर्धा टक्कासुद्धा घटली नाहीत. अहवालाच्या निर्देशांकात मात्र बेडकांचे ०.१ आणि थव्याचे १ यांची गुणोत्तर सरासरी (गुणाकाराचे वर्गमूळ) येते ०.३२, म्हणजे ६८ टक्के घट!

२०२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासाने दाखवले की तोवर सांगितली जाणारी मोठी घट ३ टक्क्यांहून कमी समूहांच्या भीषण पडझडीमुळे दिसत होती; ते समूह वगळले की जागतिक सरासरी किंचित वरच जाते. यावरून सगळे आलबेल आहे असे कुणी म्हणत असेल तर तेही चुकीचे. पडझड काही ठिकाणी एकवटली आहे, एवढाच त्याचा अर्थ. गोड्या पाण्यातल्या समूहांची घट त्याच अहवालात ८५ टक्के आहे, आणि पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी पाहावा तर हाच आकडा.

प्रश्न: आमच्या शाळेला रंकाळ्यावर पक्षीनोंदी ठेवायच्या आहेत. त्या संशोधनाला उपयोगी पडाव्यात म्हणून काय करावे?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उपयोग नक्की होतो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ई-बर्ड या संकेतस्थळावरील नोंदींवरच उभा आहे. त्यात ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतल्या २०४ घटलेल्या निघाल्या, ९८ स्थिर आणि ३६ वाढलेल्या. मोर वाढणाऱ्यांत आहे.

काठावरच्या दोन-तीन जागा कायमच्या ठरवा. आठवड्याला एकदा, सकाळी त्याच वेळी, प्रत्येक जागी १५ मिनिटे. सुरुवातीची वेळ, मिनिटे आणि निरीक्षक किती हे आधी लिहा. मग दिसलेले व ओळखलेले सगळे पक्षी संख्येसह. कावळा आणि पारवाही. मुले हमखास इथे चुकतात: दुर्मीळ बदक दिसले की नोंद, वारकरी नि टिबुकली रोजचीच म्हणून गाळलेली. अशा यादीतून ‘दिसला नाही’ हे सिद्धच होत नाही. यादी पूर्ण असेल तरच जे तीत नाही त्याला अर्थ येतो. काहीच विशेष नसलेल्या दिवसाची यादीही म्हणूनच भरायची.

मोठा थवा असेल तर आधी १० पक्षी मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि तशा किती जागा भरतात ते पाहा. संख्येऐवजी ‘भरपूर’ लिहू नका. आवाज ओळखणाऱ्या ॲपने नाव सुचवले तरी पक्षी दिसल्याशिवाय किंवा आवाजाची स्वतः खात्री झाल्याशिवाय यादीत घेऊ नये.

पाण्यावर केंदाळ किती पसरले आहे तेही दर वेळी लिहा: पाव, निम्मे, पाऊण. केंदाळ वाढले की जांभळी पाणकोंबडी आडोशाला जाते आणि उघड्या पाण्यावरची बदके दुसरीकडे हलतात. ही नोंद नसेल तर पाच वर्षांनी पक्षी घटले की झाकले गेले, हे कुणालाच सांगता येणार नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. ती १९८७ पासून चालू आहे. शाळेची एक फेरी तेव्हा जरूर ठेवा.

प्रश्न: जनावरांना दिलेल्या औषधाने गिधाडे संपली म्हणतात. एवढ्याशा औषधाने? दुभत्या जनावरांच्या मालकाने काय पाळावे?
— एक दूध उत्पादक, करवीर

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक म्हणजे ते औषध. ते दिल्यावर लगेच दगावलेल्या जनावराचे मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे काही दिवसांतच निकामी होतात. शंभरातल्या एकाहून कमी मृत जनावरांत ते असले तरी गिधाडे कोसळायला पुरते, कारण एका जनावरावर थवाच्या थवा जेवतो आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. १९९२ ते २००७ दरम्यान भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्के घटली. हे कळले ते त्याच रस्त्यांवर, त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा मोजल्यामुळे.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, ॲसेक्लोफेनॅक व केटोप्रोफेनवर २०२३ पासून. डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचा आग्रह धरा. ते गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. दुसरे कोणतेही वेदनाशामक दिल्यावर जनावर दगावले तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा.

प्रश्न: यंदा तोडणीच्या काळात गावात बिबट्या तीनदा दिसला. बिबटे वाढले का? पिंजरा लावून चांदोलीत सोडता येईल का?
— एक ऊस उत्पादक, पन्हाळा तालुका

तीनदा दिसणे म्हणजे तीन बिबटे नव्हेत. फड तुटला की लपण मोडते, आणि आता प्रत्येक हातात मोबाइल आहे. अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, डाव्या व उजव्या कुशीवरचेही वेगळे. त्यामुळे वन विभाग वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतो. ते जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर असतात आणि समोरचे गवत कापलेले असते. नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचेच फोटो निघतात.

शेतशिवारात बिबटे कायमचे राहतात, हे अकोले परिसरात मोजून दाखवलेले आहे: १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५. पकडून दूर सोडण्याचा प्रयोग जुन्नरला झाला. १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ मध्ये बिबटे हलवले तेव्हा हल्ले वर्षाला १७ वर गेले. उपरा बिबट्या भेदरलेला असतो आणि रिकाम्या जागी दुसरा येतो.

त्यापेक्षा गोठ्याला रात्री बंद होणारे दार आणि वरून जाळी लावा, कुत्री आत घ्या. फडात पिल्ले सापडली तर हात लावू नका, तेवढा भाग सोडून तोडणी थांबवा आणि १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवा. मादी सहसा त्याच रात्री परत येऊन पिल्ले उचलते. भोवती गर्दी असेल तर येत नाही.