पूर्णवेळ चित्रकाराने ब्लॉग लिहावा का? त्यातून काही मिळतं का?

लिहावा, पण चित्रं खपतील या आशेने नव्हे. नुसता लेख वाचून कुणी कॅनव्हास विकत घेतला, असं क्वचितच होतं.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं प्रदर्शन साधारण आठवडाभराचं. ते उतरलं की चित्रं पुन्हा स्टुडिओत. इन्स्टाग्रामवरची पोस्टही चार दिवसांत खाली जाते. लिहिलेलं पान मात्र पुढेही शोधणाऱ्याला सापडू शकतं. म्हणून प्रत्येक चित्राखाली माध्यम, माप आणि वर्ष लिहाच. गॅलरीवाले आणि संग्राहक आधी तेच विचारतात. फेलोशिपच्या अर्जात स्वतःच्या कामाबद्दल पानभर लिहावं लागतं, तेव्हाही हा मजकूर कामी येतो.

मला स्वतःला त्याहून मोलाचं वाटतं ते लिहिता लिहिता विचार करणं. चित्रकार प्रभाकर बरवे वर्षानुवर्षं डायऱ्या लिहीत. १९९० साली त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक आलं. चित्र कसं सुचतं, रिकामी जागा काय करते, याबद्दल इतकं नेमकं मराठीत फार थोड्यांनी लिहिलंय. रोज ब्रश हातात असलेल्या माणसाला जे दिसतं, ते समीक्षकाला बाहेरून दिसेलच असं नाही. तेवढ्यासाठी तरी लिहा, आणि मराठीत लिहा.

महिन्याला एक लेख पुरे. दिवसाउजेडाचा वेळ मात्र त्याला देऊ नका, तो रंगकामाचा. शक्यतो स्वतःच्या डोमेनवर लिहा आणि मजकुराची प्रत जवळ ठेवा, कारण फुकटच्या सेवा कधीही बंद होतात.