लिटल सिस्टर्स ऑफ द असम्प्शन या संघाच्या नन नेमके कोणते काम करतात?

आपला प्रश्न असा आहे की, नन म्हटले की शाळा किंवा इस्पितळ डोळ्यांपुढे येते, मग या संघाच्या नन गरीब कामगारांसाठी वेगळे काय करीत आणि त्याचे पैसे घेत का? दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देते. त्या पैसे घेत नसत आणि रुग्ण कोणत्या धर्माचा किंवा पंथाचा आहे हेही पाहत नसत.

फ्रान्समधील नीम शहरातल्या एका कॉलेजात शिकवणारे असम्प्शनिस्ट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू एतिएन पेर्ने (1824-1899) कामगारांच्या घरी जाऊ लागले, तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली. घरची बाई अंथरुणाला खिळली की चूल पेटत नाही, मुलांकडे पाहायला कोणी उरत नाही आणि नवरा घरी थांबला तर त्याचा रोज बुडतो. अशा घराला औषध पुरत नाही, प्रवचन तर नाहीच. तिथे हवी असते दुसरी बाई, जी आजारणीची शुश्रूषा करील आणि तिच्या वाटची कामेही उरकील. हे काम हाती घेणारी स्त्री त्यांना पुढे पॅरिसमध्ये भेटली. आंत्वानेत फाज (1824-1883) स्वतः पोरक्या वाढलेल्या, पाठीच्या कण्यात व्यंग असलेल्या आणि अनाथ मुलींचे एक लहानसे घर चालवणाऱ्या होत्या. 1865 मध्ये या दोघांनी संघ सुरू केला. संस्थापक म्हणून पेर्ने यांचे नाव आधी घेतले जाते. मला मात्र फाज यांचा वाटा अधिक मोठा वाटतो, कारण कल्पना सुचणे वेगळे आणि परक्याच्या घरात रोज कसे वागायचे हे तरुण सिस्टरांना शिकवणे वेगळे.

आपल्याकडे परिचारिकेला आपण सहज ‘सिस्टर’ म्हणतो, पण इस्पितळातल्या सिस्टरने रुग्णाच्या घरची भांडी घासावीत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. या संघात नेमके तेच शुश्रूषेचा भाग मानले गेले. तापकऱ्याला पुसून घेणे आणि औषध देणे जितके महत्त्वाचे, तितकेच केर काढणे, स्वयंपाक करणे आणि मुलांची वेणीफणी करणे. आई इस्पितळात गेली की मुले नातेवाइकांकडे नाही तर अनाथाश्रमात पांगण्याची भीती असे. तिची देखभाल घरीच झाली तर संसार एकत्र राहत असे. संघाचे मुख्य घर ज्या ग्रनेल भागात उभे राहिले, तो 1860 मध्येच पॅरिस शहराला जोडला गेलेला कामगारांचा भाग होता, आणि आजारपणात मजुरी मिळण्याची सोय त्या काळी बहुतेक कामगारांना नव्हती.

यात धर्मकार्य नव्हते असे मात्र समजू नये. चर्चपासून तुटलेला कामगार पुन्हा चर्चकडे वळावा, विवाहाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनी रीतसर विवाह करावा, यासाठी या सिस्टर प्रयत्न करीत, आणि पेर्ने यांनी पुरुषांचे व स्त्रियांचे वेगवेगळी धार्मिक मंडळेही उभी केली. ज्यांना हे खटकते त्यांचे मला चुकीचे वाटत नाही. फक्त सेवेसाठी ही अट नव्हती, एवढे नोंदवावेसे वाटते.

पॅरिसच्या आर्चबिशपांची मान्यता 1875 मध्ये मिळाली. 1880 मध्ये सिस्टर लंडनच्या पूर्व भागात बो येथे पोहोचल्या आणि 1891 मध्ये न्यूयॉर्कला. जाता जाता एक खुलासा: ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ वेगळा. तो जान ज्युगाँ यांनी 1839 मध्ये सुरू केला आणि तो वृद्धांना आपल्या आश्रमात ठेवून घेतो, तर असम्प्शनच्या सिस्टर स्वतःच रुग्णाच्या दारी जात. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम वस्तीत त्यांनी 1958 मध्ये कुटुंबांसाठी जी आरोग्यसेवा सुरू केली, तिचाही पाया घरी जाऊन केलेली शुश्रूषा हाच होता.