परकी भाषा शिकताना 'हे लोक विचित्रच' असं वाटत राहतं, त्याचं काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: कोरियन माणसं पहिल्याच भेटीत वय विचारतात ते उद्धट वाटतं, अनुवादित कादंबऱ्यांतली पात्रंही तऱ्हेवाईक वाटतात, तर खोट कुणात?

आपल्या समाजाची रीत हीच फूटपट्टी धरून इतरांना मोजायचं, याला स्वसंस्कृतिकेंद्रितता म्हणतात. समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांनी १९०६ साली ही कल्पना सविस्तर मांडली. ती सगळ्यांतच असते, म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. ती कुठे शिरते तेवढं पकडायला शिका.

वयाचंच बघू. समोरचा मोठा की बरोबरीचा हे कळल्याशिवाय कोरियनमध्ये क्रियापदाचा शेवट ठरवणं अवघड जातं. मित्राला 'खा' म्हणताना 'मॉगॉ', वडीलधाऱ्यांना 'तुसेयो', म्हणजे क्रियापदच वेगळं. 'तू' की 'तुम्ही' हा पेच मराठीतही पडतो, पण आपण अंदाजानं निभावतो. तिथे वर्षभराच्या फरकानंही बोलण्याची पातळी बदलू शकते. चुकून कमी मान दिला जाऊ नये म्हणून वय विचारतात, आणि आपण त्यालाच उद्धटपणा म्हणतो!

यावर मी सुचवेन ती एक वही. पान उभं दुभागा. डावीकडे फक्त ऐकलेलं आणि पाहिलेलं: कोण, कोणाला, कुठे, नेमके शब्द कोणते. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. 'उद्धट', 'थंड', 'भाबडे' यातलं एकही विशेषण डावीकडे दिसलं की खोडा. मग वेगवेगळ्या वयाच्या दोन-तीन भाषकांना विचारा, पण 'असं का करता?' असं नको. त्यावर 'आमची पद्धतच आहे' एवढंच उत्तर मिळतं. 'हे कोणाला विचारणार नाही?', 'विचारलं नाही तर पुढे काय अडेल?' असं विचारलं की नियम बाहेर येतो. एकाच माणसाच्या सांगण्यावरून अख्ख्या समाजाबद्दल मत बनवू नका.

'शेवटी माणसं सगळीकडे सारखीच' हे वाक्य मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते उदार दिसतं. परक्या संस्कृतीकडे बघण्याची माणसाची दृष्टी कशी बदलत जाते, याच्या मिल्टन बेनेट यांनी केलेल्या सहा टप्प्यांच्या मांडणीत पहिले तीन टप्पे स्वसंस्कृतिकेंद्रिततेचे आहेत आणि तिसरा नेमका हाच. त्यातलं 'सारखीच' म्हणजे बहुतेक वेळा 'आपल्यासारखीच' असतं.

साहित्यात हे फार स्पष्ट दिसतं. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा बोहानन यांनी नायजेरियातल्या तिव जमातीच्या वडीलधाऱ्यांना शेक्सपियरच्या 'हॅम्लेट' नाटकाची गोष्ट सांगितली. तो लेख १९६६ साली छापून आला. भावाच्या विधवेशी दिरानं लग्न केलं हे त्या मंडळींना योग्यच वाटलं, आणि मेलेला माणूस चालत-बोलत येतो हे त्यांनी मानलंच नाही. नाटकात तर हॅम्लेट आईच्या याच लग्नानं दुखावतो आणि बापाचं भूत त्याला सूड घ्यायला सांगतं. म्हणजे तिथे गोष्टीचा पायाच हलला. आणि 'हॅम्लेट सगळ्या जगाला सारखाच कळेल' ही समजूत गोष्ट सांगणाऱ्या बोहानन यांच्याच संस्कृतीतून आली होती.

परक्या समाजावरची कादंबरी वाचताना आधी संवाद मोजा. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात जोसेफ कॉनराड यांच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' या आफ्रिकेत घडणाऱ्या कादंबरीतल्या आफ्रिकी माणसांना फक्त दोनदा बोलायला मिळतं हे दाखवलं होतं. ज्यांच्यावर पुस्तक आहे तेच मुके असतील, तर तुम्ही त्यांच्याबद्दल नव्हे, निवेदकाबद्दल वाचताय.

दुसरं, न कळलेल्या शब्दावर घाईनं मराठी शब्द चिकटवू नका. अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत (१९५८) 'ची' हा नायजेरियातल्या इग्बो भाषेतला शब्द तसाच ठेवला आहे. पानाच्या समासात 'नशीब' लिहून टाकलंत, तर माणूस ठामपणे हो म्हणाला की त्याचा 'ची'ही हो म्हणतो, ही म्हण जुळेनाशी होते. 'देव' लिहिलंत तरी अडतं. त्याऐवजी हा शब्द येईल ते प्रत्येक पान टिपून ठेवा. पुढे एका ठिकाणी नायक हो म्हणत असूनही त्याचा 'ची' नाही म्हणतो. ते पान आणि म्हणीचं पान शेजारी ठेवून वाचा.