घरचा मेन स्विच बंद करून तारेला टेकलेली फांदी बांबूला कोयता बांधून तोडली तर चालेल का? महिनाभर टेकलीय, काहीच झालं नाही. शिडी ॲल्युमिनियमची आहे.

नाही चालणार. बांबू आणि कोयता बाजूला ठेवा, आधी मेन स्विचचं सांगतो. तो बंद केला की घरातली वायरिंग बंद होते. खांबावरची तार स्विचच्या आधी येते, तिच्यात वीज तशीच राहते. झाडं उतरवायची कामं मी बरीच वर्षं करतोय आणि हा गैरसमज शिकल्यासवरलेल्यांकडेही भेटतो.

तुम्ही म्हणता, फांदी महिनाभर टेकलीय, काहीच झालं नाही. ओल्या फांदीत पाणी असतं, त्यात विरघळलेले क्षार असतात, त्यामुळे थोडा प्रवाह झाडातून जमिनीत जात असू शकतो. तो इतका कमी की खांबावरचा फ्यूज उडत नाही. फ्यूजला अनेक अँपिअर लागतात, माणसाचं हृदय बंद पाडायला 100 मिलिअँपिअरसुद्धा पुष्कळ झाले. बांबूचंही तेच, दमट असला की वीज वाहतो. आणि तार 11 हजार व्होल्टची असेल तर टेकायचीही गरज नाही, थोडं अंतर वीज हवेतूनच उडी मारते. तारेवर काळं आवरण दिसलं तरी भरवसा ठेवू नका, ते बरेचदा नुसतं ऊनपावसासाठी असतं.

आता खरी गंमत फांदीची. लोकांना वाटतं कापलेली फांदी खाली पडते. एकदा मी तारेखालच्या फांदीचं टोक छाटलं, तसा भार गेला आणि उरलेली फांदी सपकन वर उसळून तारेला घासली. लाइन बंद करून घेतली होती, म्हणून हे उत्तर लिहितोय.

'लाइट गेलीय, तेवढ्यात उरकून घेऊ' हेही नको. काही लाइनी ट्रिप झाल्यावर काही सेकंदांत आपोआप चालू होतात. शिवाय शेजारच्या जनरेटरची वीज चुकीच्या जोडणीतून उलटी तारेत येऊ शकते. म्हणून लाइनमन लाइन बंद करतो, तपासतो आणि मग अर्थिंग लावतो. तो 'करा' म्हणेपर्यंत आम्हीसुद्धा झाडाला हात लावत नाही.

वीज कंपनीला फोन करा, फांदी तारेला टेकलीय हे स्पष्ट सांगा. प्रशिक्षण नसलेल्या माणसाने स्वतः, हत्यार, दोर, पडणारी फांदी, काहीच तारेच्या 3 मीटरच्या आत जाऊ देऊ नये. जास्त दाबाच्या लाइनीला अंतर आणखी वाढतं.

तार तुटून पडलीच तर किमान 10 मीटर लांब राहा. जवळ सापडलात तर पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, सरकत बाहेर या. लांब ढांग टाकली की दोन पायांमधूनच शॉक बसतो. कुणी चिकटलं असेल तर त्याला ओढू नका, आधी लाइन बंद करायला सांगा.

तुमची शिडी ॲल्युमिनियमची आहे असं लिहिलंय. ती आजच आत नेऊन ठेवा, आणि नेताना आडवी धरा.